भालचंद्र पाळंद्यांची बिनविजेची कॉफी

भालचंद्र पाळंदे यांनी जन्मभर वीजखात्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर विजेशीच वैर धरलं. माणूस असा उलटा फिरला की त्याला अडवायला जाऊ नये, दमछाक आपलीच होते. पटपडगंजच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या या गृहस्थांचं म्हणणं एवढंच होतं, की कॉफीने झोप उडते ही शुद्ध थाप आहे. झोप उडते ती विजेने. मिक्सरवर दळलेली, इलेक्ट्रिक किटलीत उकळलेली कॉफी पोटात गेली की तिच्याबरोबर करंटही जातो, आणि मग माणूस डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहतो. “एवढी वर्षं वीज हाताळली आहे मी, मला नका सांगू,” असं ते वर ऐकवत. खरं तर त्यांना कोणीच काही सांगायला गेलेलं नसे.

हे खूळ डोक्यात शिरायला कारण होतं, आणि ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्यांच्या पत्नी सुनीतीबाई गेलं वर्षभर झोपत नव्हत्या. शाळेत भूगोल शिकवताना नकाशा न बघता नद्या वाहवणारी ही बाई आता बोलता बोलता वाक्य हरवून बसायची. दूध गॅसवर ठेवून खिडकीशी उभी राहायची आणि दूध उतू गेलं की त्याच्याकडे नवलाने बघायची. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घ्यायला ती तयार नव्हती आणि का ते सांगायलाही तयार नव्हती. कॉफी सोडा म्हटलं, तर म्हणाली, “त्यापेक्षा दिल्ली सोडते.” भालचंद्ररावांना स्वतःला, मागच्या हिवाळ्यात हृदयात स्टेंट बसल्यापासून, कॉफी वर्ज्य होती. म्हणजे कॉफी होती तिला झोप नाही आणि झोप होती त्याला कॉफी नाही, असा संसार चालला होता. बायको डोळ्यांदेखत झिजत चालली होती आणि या माणसाला भीती वाटत होती. भीती वाटली की काही पुरुष देवळात जातात. हे कॉफी करायला लागले.

आधी त्यांनी कॉफीच्या वेळी घराचा मेन स्विच बंद करायला सुरुवात केली. मग आयएनए मार्केटमधून कच्च्या बिया आणल्या, लोखंडी कढईत भाजल्या आणि खलबत्त्यात कुटल्या. खालच्या मजल्यावरचे चोप्रा वर येऊन विचारून गेले, की भाईसाहब, तोडफोड कब तक चलेगी. गॅस भालचंद्ररावांना चालेना, कारण लायटरची ठिणगी म्हणजे वीजच. “मग काडी ओढा,” सुनीतीबाई म्हणाल्या. “पाइपातून गॅस येतो, तो ढकलणारा पंप कशावर चालतो?” ते म्हणाले. शेवटी बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवली. डिसेंबरचा महिना, हवा आधीच डाळीच्या आमटीएवढी दाट. दहा मिनिटांत खालचा गार्ड धापा टाकत वर आला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळंद्यांच्या बाल्कनीचा फोटो झळकला. त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, दिल्लीच्या प्रदूषणाचा उगम सापडला. शिवाय पाकिटातलं दूधही डेअरीत विजेनेच थंड केलेलं. भालचंद्रराव हात टेकून बसले.

तोंडावर संक्रांत होती. दर संक्रांतीला यांचं महाराष्ट्र मंडळ बस करून पानिपतला काला अंबला जायचं, लढाईत पडलेल्यांना फुलं वाहायला. तिथे शेतं होती, म्हशी होत्या, आणि विजेचा खांब नजरेआड करता येईल अशी मोकळी जागा होती. भालचंद्ररावांनी मंडळाची सेक्रेटरी हेमांगी हिला फोन करून सांगितलं, यंदाची कॉफी माझ्याकडे.

“काका, तुमच्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे,” हेमांगी म्हणाली, “विश्वास तर पानिपतातच गेला ना.” मग तिला सुनीतीबाईंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, करू दे गं त्यांना, आणि हेमांगीने होकार दिला.

बस काळोखात निघाली. धुक्यातून रखडत पोचली तेव्हा सगळ्यांची बोटं गारठली होती. फुलं वाहिली, घोषणा झाल्या, दोन मिनिटं सगळे खरोखरच गप्प उभे राहिले. मग बागेबाहेर मोहरीच्या शेताकडेला सतरंज्या पसरल्या, गुळपोळ्यांचे डबे उघडले आणि भालचंद्ररावांनी शेगडी मांडली.

आता एक कबूल करायलाच हवं. माणूस विक्षिप्त होता, पण कॉफी त्याला कळली होती. कढईतल्या बिया सतत हलवत त्याने तडतड ऐकली आणि काळ्या पडायच्या आत उतरवल्या. ताटात वारा घालून गार केल्या, जाडसर कुटल्या. पाणी उकळल्यावर लगेच ओतलं नाही, जरा निवू दिलं. भुकटीवर आधी थोडंसंच घातलं, ती फुगली, मग बाकीचं सावकाश घालून मलमलच्या फडक्यातून गाळलं. वास असा सुटला, की स्मारकापुढे सेल्फी काढणारे सगळे शेगडीभोवती एकेक घिरटी घालून गेले. पितळेच्या पातेल्यात साखर विरघळवली, चिमूटभर जायफळ किसून टाकलं, झाकण ठेवलं आणि ड्रायव्हरला बरोबर घेऊन भालचंद्रराव शेतापलीकडच्या घरी म्हशीचं दूध आणायला गेले. धार त्यांनी समोर उभं राहून काढून घेतली. म्हैस वीज वापरत नाही याची खात्री झाली असावी.

इथेच घात झाला. दिल्लीतल्या मराठी माणसाचं एक दुखणं आहे. बाहेर कुठेही कॉफी घ्या, तिच्यात जायफळ नसतं, आणि मागितलं तर समोरचा पुलावाचा मसाला पुढे करतो. म्हणून मुरलेली मंडळी जायफळाची डबी पर्समध्ये घेऊनच हिंडतात. भालचंद्ररावांची पाठ वळताच हेमांगीने झाकण उचललं. “जायफळ घातलंय का हो?” तिने विचारलं. उत्तर द्यायला कोणी नव्हतं, तेव्हा तिने आपली डबी झाडली. तिच्यानंतर संपदाताई आल्या, त्यांनाही हाच प्रश्न पडला. मग एकामागून एक सगळेच आले. पुरुषांत घालायचं कोणाला सुचतंय, असं प्रत्येकीला वाटलं, आणि बायका गप्पांत विसरल्या असतील, असं प्रत्येकाला. कॅन्टोन्मेंटमधून आलेले सुभेदार जगदाळे यांनी तर खिशातून अख्खं जायफळ काढलं आणि चाकूने अर्धं खरवडून आत टाकलं. “थंडी आहे,” ते पातेल्याला म्हणाले.

दूध आलं, कॉफी फिरली. सगळे वाहवा करत होते आणि भालचंद्रराव एकट्या सुनीतीकडे बघत होते. तिने एक कप घेतला. मग दुसरा मागून घेतला. त्यांनी तो काठोकाठ भरून दिला.

पहिले गेले सुभेदार. लढाईत आपली डावी बाजू कशी उघडी पडली हे समजावता समजावता ते सतरंजीवर डाव्याच कुशीला कलंडले. मग संपदाताई हातात हलव्याची पुडी तशीच धरून झोपल्या. हेमांगी माणसं मोजायला उठली, अर्ध्यात परत बसली आणि बॅगेवर डोकं टेकून घोरायला लागली. सगळा दोष जायफळाला देणंही बरं नाही. पहाटेचं जागरण होतं, पोटात तुपाने निथळणाऱ्या गुळपोळ्या होत्या आणि धुकं फाटून ऊन आलं होतं. पण अख्खं मंडळ, एकही शत्रू समोर नसताना, पानिपतच्या मैदानात आडवं झालं हे खरं. चहाशिवाय काही न पिणारा ड्रायव्हर बसच्या पायरीवरून हे बघत होता. त्याने हळूच रामराम म्हटलं.

सुनीती जागी होती.

भालचंद्रराव तिच्याशेजारी दगडी कट्ट्यावर येऊन बसले. “तुला नाही आली?”

“नाही.”

“दोन कप घेतलेस.”

“छान झाली होती हो. इतकी चांगली कॉफी मी कधीच प्यायले नव्हते.”

“खड्ड्यात गेली कॉफी,” ते म्हणाले. “जगाला झोप आली, मग तुलाच का येत नाही? काय करू मी, सांग ना.”

“तुम्हाला ॲटॅक आला त्या रात्री मी गाढ झोपले होते,” ती म्हणाली. “तुम्ही दोनदा हाक मारलीत. नंतर तुम्हीच सांगितलंत डॉक्टरांना. मला ऐकूच आली नाही. तुम्ही सरपटत दारापर्यंत गेलात, चोप्रांनी तुम्हाला गाडीत घातलं, आणि मग मला उठवलं.”

“अगं, पण...”

“आता तुम्ही झोपलात की मी छातीकडे बघते. ती वर जाते, खाली येते. मग वाटतं, पुढचा श्वास येईल ना. तो आला की त्याच्या पुढचा.”

वर्षभर आपण मेन स्विच बंद करत बसलो आणि ही शेजारी आपला श्वास राखत बसली होती, हे त्यांना कळलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आत्ता मी जागा आहे,” ते म्हणाले. “मी कॉफी घेतलेली नाही. झोप तू.”

“डोळे मिटल्यावर मला कसं कळणार?”

“मी बोलत राहतो. बोलतोय म्हणजे आहे.”

तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. आता बोलायचं काय, तर माणसाला जे येतं तेच तो बोलणार. त्यांनी पहिल्या सबस्टेशनवरच्या ट्रान्सफॉर्मरपासून सुरुवात केली. त्यातलं तेल कसं तपासायचं, उन्हाळ्यात तो कसा तापायचा, रात्रपाळीला त्याची घरघर कशी सोबत करायची, हे सगळं ते अगदी प्रेमाने सांगत होते. तेल बदलायच्या आतच सुनीतीला झोप लागली. ते क्षणभर थांबले, तर तिच्या पापण्या हलल्या. त्यांनी घाईने पुढचं वाक्य सुरू केलं.

ऊन कलायला लागलं तशी मंडळी डोळे चोळत, ओशाळत उठली. ड्रायव्हरने येऊन सांगितलं, चलो जी, कोहरा उतर आएगा. भालचंद्ररावांनी बोलता बोलताच हात वर करून त्याला थोपवलं आणि दुसरा हात तिच्या डोक्याशी नेला. लोकांना काय ते समजलं. ड्रायव्हर परत गेला आणि नुकतंच चालू केलेलं इंजिन त्याने बंद केलं.

त्यांचा घसा बसत चालला होता. ट्रान्सफॉर्मर संपला होता, केबलही संपत आली होती. मंडळाच्या प्रत्येक सभेत हेमांगी त्यांना हात जोडून म्हणायची, काका, थोडक्यात. ती आता पाण्याची बाटली घेऊन आली आणि त्यांच्या पायाशी गवतावर मांडी घालून बसली. त्यांनी घोटभर पाणी घेतलं. सुनीतीची मान किंचित हलली.

“मग केबल कुठे तुटली होती, काका?” हेमांगीने हलक्या आवाजात विचारलं. “सविस्तर सांगा.”