अर्जीचा पहिला शब्द

आमच्या ह्यांचं नाव मी घेणार नाही. काशीतल्या संकठा घाटाची सगळी गल्ली त्यांना 'इंग्लिशशास्त्री' म्हणते, तेवढं पुरे. लहानपणी संस्कृत कोश पाठ केला, मोठेपणी इंग्रजी. एका अर्थाचे दोन शब्द दिसले की ह्यांना अन्न गोड लागत नाही. पाहुणा 'बिग हाउस' म्हणाला, की दारातच धरलं त्याला: "बिग की लार्ज? की ग्रेट?" पाहुणा बिचारा तहानलेला!

आमची ओसरी गल्लीत दोन हात पुढे आलेली. आपल्या मुलखातून येणाऱ्या यात्रेकरूंची पंगत मी तिथेच वाढायची. घर त्यावरच चालायचं. एक दिवस म्युनिसिपालिटीची नोटीस आली: रस्ता रुंद करायचा, ओसरी पाडणार, हरकत असेल तर आठ दिवसांत लेखी कळवा. "आता पंगत कुठे वाढू?" मी विचारलं. हे मात्र खूष! "इंग्रजीत अशी अर्जी लिहितो, साहेब बघत राहील."

पहिल्याच शब्दावर गाडी अडली. 'बेग' म्हणजे भीक, ती साहेबाकडे कशी मागावी? जन्मभर भिक्षुकी केलेला माणूस हे म्हणतो! 'प्रे' देवासाठी, 'आस्क' उद्धट, 'रिक्वेस्ट'ला वजन नाही. मग काशीच्या रिवाजाप्रमाणे शास्त्रार्थ ठरला. शेजारचे दत्तात्रेयशास्त्री एका बाजूला, हे दुसऱ्या. पाच दिवस, त्याच ओसरीवर. ठंडाई वाटून वाटून माझे हात मोडले.

"अहो, काहीतरी लिहून द्या एकदाचं!"

"काहीतरी लिहायला मी काय अडाणी आहे?"

आठवा दिवस गेला. नवव्या दिवशी कुदळी घेऊन मजूर आले, सोबत गोरा साहेब. हे धावत बाहेर गेले, पण तोंडातून एक इंग्रजी शब्द फुटेल तर शपथ! साहेबच हिंदीत म्हणाला, "पंडितजी, अर्जी क्यों नहीं दी? हिंदी में दो लाइन लिखवा देते. सामनेवाली बुढ़िया ने अंगूठा लगाकर दी, उसका चबूतरा छोड़ दिया."

समोरच्या अन्नपूर्णाबाईंना स्वतःचं नावही लिहिता येत नाही.

संध्याकाळी पाडलेल्या ओसरीच्या विटांच्या ढिगावर बसून हे पुटपुटत होते, "डिमॉलिश म्हणावं, की डिस्ट्रॉय?" मला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी नागपूरची बारा माणसं जेवायला यायची होती. पत्रावळींचा गठ्ठा मी ह्यांच्या मांडीवर आदळला. "समोर जा, आणि पंगतीपुरता ओटा मागून या. कुठल्या शब्दात मागायचा, ते मला विचारू नका."

हे गेले. म्हातारीच्या दारात हात जोडून नुसते उभे राहिले. तिने लगेच हो म्हटलं.