एसी बसला आणि चटके सुरू झाले

एका खोलीत वीस बायका रोज आठ तास बसल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आमच्या घरी तर ते दुप्पट साठले. अंधेरीच्या ज्या कारखान्यात इंटरकॉमचे बोर्ड बनायचे, तिथं मी असेंब्लीची सुपरवायझर आणि आमचे हे टेस्टिंग इंजिनिअर. दिवसभर माझ्या लाइनचे बोर्ड नापास करायचे आणि घरी आल्यावर माझ्या हातची आमटी मात्र पास! पाहुणे आले की अर्धा किस्सा मी सांगायचे, अर्धा ते. गेल्या वर्षापासून सगळा मलाच सांगावा लागतो. चुकलं तर दुरुस्त करायला कोणी नाही, सांभाळून घ्या.

*

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. तोवर आमच्या खोलीच्या खिडक्या उघड्या असायच्या आणि मुंबईची दमट हवा खुशाल आत-बाहेर करायची. मग नव्या जातीच्या चिपा आल्या. त्यांना धूळ चालत नाही म्हणून खिडक्या बंद झाल्या आणि एसी बसला. बायका खूष!

चौथ्या दिवशी फिलोमिनानं वॉटर कूलरला हात लावला आणि किंचाळली, "आई गं! चावला मेला!"

फिलोमिना मरोळ गावठाणातली, लाइनवरचा सगळ्यात मोठा आवाज. तिच्यामागोमाग एकेकीला चटके बसायला लागले. कूलरला, दाराच्या कडीला, लोखंडी कपाटाला.

इलेक्ट्रिशियन आला. दोन दिवस कूलर उघडून बसला, टेस्टर लावून लावून दमला. शेवटी म्हणाला, "करंट कुठंच नाही. बायकांच्या मनाचे खेळ आहेत."

फिलोमिना रेक्झिनच्या खुर्चीवरून उठली, त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या कानाच्या पाळीला एक बोट लावलं. चट्!

"काय रे," ती म्हणाली, "आला का खेळ मनात?"

*

"इलेक्ट्रिशियन खरंच बोलतोय," हे म्हणाले. "लीकेज नाही. ही तुमचीच वीज आहे."

नायलॉनची साडी खुर्चीवर घासते, रबरी चप्पल फरशीवर घासते, अंगावर वीज साठत जाते. हवा दमट असली की ती हळूहळू निघून जाते. एसीनं हवा कोरडी केली, तिची वाट बंद झाली. मग धातू दिसला रे दिसला की उडी मारते.

"म्हणजे कंगव्यानं कागदाचे कपटे उचलतात, तीच?" सुशीलानं विचारलं. सुशीला लाइनवर सगळ्यात नवी, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. मूळची मालवणची, राहायला दहिसरच्या चाळीत.

"तीच. आपल्याला चटका कळतो तेव्हा काही हजार व्होल्ट साठलेले असतात. चिप त्याच्या कितीतरी आधी मरते. आपल्याला कळतसुद्धा नाही."

फिलोमिना म्हणाली, "म्हणजे मर्डर आपण करायचा आणि आपल्यालाच पत्ता नाही?"

*

नोटीस लागली : चपला बाहेर काढाव्यात, आत फक्त सुती साडी. दारात उभं राहून साड्या बघायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी स्वतःच गडबडीत पॉलिएस्टरची साडी नेसून गेले. ह्यांनी लग्नाच्या वाढदिवसाला घेतलेली, मोरपंखी.

दारात हेच उभे. "मॅडम, आत जाता येणार नाही."

मागे वीस बायका कान टवकारून! मी हळूच म्हटलं, "अहो, तुम्हीच घेतलीत ना ही?"

"घेतली तेव्हा नवरा होतो. आत्ता टेस्टिंगला आहे."

फिलोमिनानं डब्याच्या पिशवीतून एक जुनी सुती साडी काढून दिली. दिवसभर त्या साडीला सुक्या बोंबलांचा वास येत होता. संध्याकाळी ह्यांनी बसस्टॉपवर माझ्यापासून दोन माणसं सोडून उभं राहणं पसंत केलं.

*

मग मनगटाला पट्टे आले. पट्ट्याला वायर, वायर अर्थिंगला. अंगावर साठेल तेवढं हळूहळू जमिनीत. बायकांना तो पट्टा मुळीच आवडला नाही. "आता भुंकायचं तेवढं राहिलं," म्हणायच्या.

एकदा जनरल मॅनेजर राउंडला आले. फिलोमिना अदबीनं ताडकन उभी राहिली. पट्टा मनगटाला, वायर ट्रेच्या कडेला गुंडाळलेली. ट्रे, बत्तीस बोर्ड आणि सोल्डरची रिळं साहेबांच्या बुटांवर!

"गुड मॉर्निंग सर," फिलोमिना म्हणाली. दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

*

साड्या बदलल्या, पट्टे आले, बोर्ड जगायला लागले. फक्त सुशीलाचे संक्रांतीपासून पुन्हा मरायला लागले. तेही रोज. मेलेल्या प्रत्येक चिपेमागे ह्यांनी एक लाल स्टिकर तिच्या नावापुढे चिकटवायचा, तसा नियमच होता. त्याच जनरल मॅनेजर साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "प्रोबेशन संपतंय. हिला कन्फर्म करायचं नाही."

मी सुशीलाला सांगितलं. ती रडली नाही. "घोव घरी बसलाय, मॅडम," एवढंच म्हणाली. नवरा गिरणीत होता, संपानंतर त्याची गिरणी उघडलीच नाही. "ही नोकरी गेली तर पोरींची शाळा सोडवून गावाला."

घरी जेवताना ह्यांनी विचारलं, "तुझी ती सुशीला करते तरी काय?"

"सगळ्यांपेक्षा नीट करते!" मी चिडून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सबंध वेळ तिच्या मागे स्टूल टाकून बसले. साडी सुती. पट्टा घट्ट. पाय अनवाणी. हात असा स्वच्छ की बघत राहावं. मग तिनं ड्रॉवर उघडला आणि चिप काढली ती एका गुलाबी, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीतून.

"चिपा त्या काळ्या फोममध्ये ठेवायच्या ना गं? त्यात वीज साठत नाही."

"शी! तो फोम हात काळे करतो, मॅडम. सकाळी आल्या आल्या सगळ्या चिपा डबीत काढते. डबी रोज कोरड्या फडक्यानं पुसते, खसाखसा."

मी डबी ह्यांच्याकडे नेली. त्यांनी रुमालानं चार वेळा घासली आणि कागदाच्या कपट्यांवर धरली. कपटे टुणकन उडून चिकटले. या डबीत चिपा दिवसभर खुळखुळत होत्या!

"कुठून आणली हिनं?" हे म्हणाले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जेवणाच्या सुट्टीत वीस डब्या वाटल्या होत्या. एकोणीस जणींनी घरी नेऊन त्यात मोहरी-जिरं भरलं. एकीनं ती कामाला लावली. त्या वर्षी वाण माझं होतं.

*

मी रिपोर्टात सगळं लिहिलं, डबी माझी हेही लिहिलं. साहेबांनी वाचला आणि बाजूला ठेवला. "डबी तुमची असेल, चिपा हिनं मारल्या. मला रिस्क नको." तरी मी हट्ट धरला, म्हणून सुशीलाला केबिनमध्ये बोलावलं. डबी वापरणं बंद केल्यानंतर तिनं बनवलेला एक बोर्ड मी टेबलावर ठेवला होता. टेस्टिंगमध्ये पास झालेला, ह्यांची सही असलेला.

साहेबांच्या केबिनला स्वतंत्र एसी, खाली जाड गालिचा, साहेबांच्या अंगावर टेरिलिनचा सफारी. ते बोलताना येरझारा घालायचे. तीन फेऱ्या झाल्या. "हे बघा बाई, मला तुमच्याबद्दल वाईट वाटतं," असं म्हणत त्यांनी बोर्ड उचलायला हात पुढे केला.

सुशीलानं मध्ये हात घातला.

चट्! ठिणगी मला दिसली. दोघांनीही हात झटकले. साहेबांच्या केबिनमध्ये साहेबांचा हात अडवलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, वाट लागली!

"हे काय?" साहेब म्हणाले.

"तुम्ही आत्ता बोर्ड मारला असता," सुशीला म्हणाली.

"एवढ्याशानं?"

"याच्यापेक्षा कमीनं मरतात, साहेब. मी त्रेचाळीस मारल्यात. एकदाही आवाज आला नाही."

साहेब बोट चोळत खुर्चीत बसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. "कन्फर्मेशनचा कागद द्या इकडे."

मी कागद दिला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा, साहेब," सुशीला म्हणाली. तिनं आधी केबिनमधल्या लोखंडी कपाटाला हात लावला, बोर्ड कडेनं धरून अलगद उचलला आणि साहेबांपासून लांब, टेबलाच्या पार टोकाला नेऊन ठेवला.

"हं," ती म्हणाली. "आता करा सही."