चुलीमागची भिंत

मालू वाशिंदची. वाशिंदला आगगाडी थांबते, आणि जिथे आगगाडी थांबते तिथल्या मुलीला सगळं जग ठाऊक असतं, अशी डोळखांबच्या डोंगराकडल्या लोकांची पक्की समजूत. म्हणून माघात लग्न होऊन ती कान्हाच्या घरी आली तेव्हा तिला कोणी काही शिकवायला गेलं नाही. विचारायची तिला चोरी. नव्या सुनेनं विचारलं तर 'आईनं काय शिकवलं?' आणि न विचारता केलं तर 'आगाऊ'. बिचारीनं मधला मार्ग काढला. कळलं नाही तरी मान हलवायची. त्या उन्हाळ्यात तिची मान जेवढी हलली तेवढी पुन्हा आयुष्यात हलली नसेल.

घराची दोरी सासूच्या हातात. बाईजा तिचं नाव. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पण थोरला चंदर काय आणि धाकटा कान्हा काय, आईला विचारल्याशिवाय बैलाचा कासरा बदलत नसत. चंदरची बायको हौसा दसऱ्याला बाळंतपणासाठी सापगावला माहेरी गेली होती. ती पाडव्यानंतर तान्ह्याला आणि दोन थोरल्या पोरांना घेऊन परत आली, आणि त्याच सुमाराला बेगमीची कामं सुरू झाली.

पावसाचे चार महिने ओढे-नाले अडले की बाजार तुटतो. तोवर जे साठवाल तेच खायचं. कैऱ्या पोत्यांनी आल्या. काहींच्या फोडी लोणच्याला, काही उन्हात वाळवून आंबोशीला, काही अख्ख्या मिठात. लढाईची सालं होती ती. गोडं तेल महागलेलं, म्हणून यंदा लोणचं थोडं आणि मिठातल्या कैऱ्या जास्त, असं बाईजानं ठरवलं होतं. शिवाय चिंच फोडायची, तांदळाच्या पापड्या घालायच्या, करवंदं निवडायची, फणसाच्या आठळ्या ओल्या मातीत पुरायच्या. परसात मांडवाचे खांब उभे करायचे, वेलांसाठी आळी खणून ठेवायची. वाळवणावर कोंबड्या येतात, त्यांना हाकलायचं. हौसाची पोरं येतात, त्यांनाही हाकलायचं. बाईजा ओट्यावरून एक सांगे, हौसा पडवीतून दुसरं सांगे, आणि मालू मध्ये उभी राहून दोघींकडे मान हलवी. एकदा 'कोपऱ्यातल्या बरणीतलं काढ' म्हटल्यावर तिनं पोटदुखीसाठी जपलेलं जुनं काळं लिंबू जेवायला वाढलं. कान्हा ते मुकाट्यानं खाऊन गेला आणि दिवसभर पाणी पीत राहिला.

एक नियम मात्र तिला कळला होता. मीठ बाईजाच घालणार. मिठाला दुसरा हात लागला की लोणचं फिरतं. बाईजा मूठ भरायची, क्षणभर थांबायची आणि सोडायची. कमी नाही, जास्त नाही.

वैशाखात सगळं घर राब भाजायला शेतावर गेलं. भाताचं रोप जिथे करायचं ती जमीन पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात, ते काम. मालूला वाळवण राखायला आणि रांधायला मागं ठेवलं. घरात ती पहिल्यांदाच एकटी होती, आणि तिच्या मनानं घेतलं की आज आपल्याला येतं ते करून दाखवायचं. तिला एक गोष्ट आईसारखी यायची, पानग्या. तांदळाचं पीठ, पिकल्या आंब्याचा रस, गूळ, चिमूटभर मीठ, हे पळसाच्या दोन पानांत थापायचं आणि खाली विस्तव, वर विस्तव ठेवून भाजायचं. पण त्याला मंद, टिकणारी आच लागते, गोवरीची. लाकडाचा निखारा पान जाळतो.

उन्हाळ्यात चूल मागच्या पडवीत मांडलेली होती. मालूनं परसात गोवऱ्या शोधल्या. एक नाही. वाशिंदला सरपणाची टंचाई, तिथे गोवऱ्यांशिवाय भिंत दिसत नाही. इथे रान दाराशी, शेण सगळं राबाला जायचं, चुलीत घालण्याची कल्पनाच नव्हती. हे तिला कोण सांगणार? पीठ आणायला ती आतल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात गेली, तर जुन्या चुलीमागच्या भिंतीवर दहाबारा लहान, चपट्या, खडखडीत वाळलेल्या थाप्या. प्रत्येकीवर तीन बोटं उमटवलेली. गाईगुरांच्या घरात एवढ्याच गोवऱ्या, त्याही इतक्या लहान, त्याही घराच्या आत, हे तिला चमत्कारिक वाटलं. पण या घरातल्या न कळलेल्या गोष्टींचा ढीग आधीच एवढा होता की त्यावर तिनं आणखी एक टाकली.

थाप्या तिनं उपटल्या, विस्तवात घातल्या. त्या तडतडल्या. शेणात दाणे असतील, तिनं मनाशी म्हटलं. भिंतीवर डाग राहिले, म्हणून ती नीट सारवूनही काढली.

संध्याकाळी काजळलेल्या तोंडांनी सगळे आले आणि पानग्यांवर तुटून पडले. बाईजानं चार खाल्ल्या. बोटं चाटत ती हौसाला म्हणाली की पोरीच्या हाताला चव आहे. मालूला एवढा आनंद झाला की त्या रात्री ती जेवायचंच विसरली.

पुढे जेठ लागला, रोहिणी निघाल्या, आणि शेजारची ठमी बी मागायला आली. बाईजाच्या घरची काकडी त्या अंगाला प्रसिद्ध होती. देठापर्यंत कडूपणाचा मागमूस नाही. ठमीच्या वेलाला दर दोन वर्षांनी कडू फळं येत आणि ती दर दोन वर्षांनी इथे येई. बाईजा बी आणायला आत गेली ती बाहेर येईना. मालू पाहायला गेली. बाईजा चुलीमागच्या भिंतीवरून तळवा फिरवत होती, आंधळं माणूस दार चाचपतं तसा.

"हितं बी व्हतं ना गो?" तिनं विचारलं.

शेणाच्या थापीत बी दाबायचं, ती भिंतीला लावायची, चुलीच्या धुरानं कीड लागत नाही, ही त्या घरची रीत. मालूची आई बी सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात राख घालून ठेवायची. मालूला आधी समजेना की सासू कसलं बी म्हणते. मग ती तीन बोटं डोळ्यांपुढे आली, विस्तवातली तडतड कानात आली.

हौसा म्हणाली, मी दसऱ्यालाच गेले, मला काय ठाऊक. चंदर-कान्हाला विचारलं, पण पुरुषांना भिंत पडली तरच दिसते. शेवटी बाईजा मालूकडे वळली. "तू आलीस तवा काय दिसलं व्हतं?"

"नाय, आत्या," मालू म्हणाली. विचार करण्याआधीच तोंडातून गेलं.

तिला दोष देणं सोपं आहे. पण तिची थोरली बहीण बारकी सासरी वर्षभर राहिली होती. म्हैस मेली, आणि पांढऱ्या पायाची म्हणून तिला माहेरी आणून सोडली. ती अजून वाशिंदला बापाच्या घरी होती, मान खाली घालून. मालूच्या लग्नात बापानं हात जोडून देवाकडे एवढंच मागितलं होतं की ही तरी परत येऊ नये. बारकीनं तर म्हशीला हातही लावला नव्हता. मालूनं घरचं बियाणं जाळलं होतं.

ठमी रिकाम्या हातानं गेली. बाईजा म्हणाली, "मंजे मी यंदा लावलंच नाय." हे ती शांतपणे म्हणाली, आणि त्या दिवसापासून बाईजाचं काहीतरी सुटलं.

आधी ती हौसाला विचारू लागली, या बरणीत मीठ घातलं का मी? हौसा म्हणे, घातलंत. तरी तिचा विश्वास बसेना, पुन्हा मूठ टाकी. कैऱ्या इतक्या खारट झाल्या की पोरांनी थुंकल्या. मग एक दिवस तिनं मिठाचं मडकं उचलून हौसापुढे ठेवलं आणि म्हटलं, आता तू बघ. हौसा गडबडली. एवढी वर्षं ज्याला हात लावायची बंदी त्यातच आता हात घालायचा, हे तिलाही उमजेना. बाईजा ओट्यावर जाऊन बसली. समोर वाळवण, त्यावर कोंबडी चढली तरी उठेना.

मालूला रात्रंदिवस एकच प्रश्न. सांगू की नको? सांगितलं तर वाशिंद. नाही सांगितलं तर ही म्हातारी डोळ्यांदेखत खचते. ती मनात ठरवून ओट्यापर्यंत जाई आणि पाण्याचा तांब्या ठेवून परत येई. बाईजाला इतकं पाणी कशाला पाजते, म्हणून हौसा हसली.

मिरग दोन दिवसांवर आला. आळी तयार, मांडव उभा, आणि पेरायला काही नाही. त्या दुपारी बाईजानं मालूला जवळ बसवलं. "माज्या आयेचंबी आसंच सुरू झालं व्हतं," ती म्हणाली. "आदी काय ठेवलं ते इसरायची. मग मेलेली गुरं हुडकत नदीवर जायची. माजं भाऊ तिला खांबाला बांदून शेतावर जायचं. धोतरानं. मी सोडवायची, तर ती मलाच चावायची." मग ती म्हणाली, "कान्हा तुजं ऐकतो. त्याला सांगून ठेव गो. मला बांदू नको म्हणावं. दार लावा, कायबी करा, पन बांदू नका."

मालूला राहवलं नाही. बारकी, बाप, वाशिंद, सगळं एकदम बाजूला पडलं. "आत्या, तुमी लावलं व्हतं," ती म्हणाली. "मी जाळलं. गोवऱ्या म्हून जाळलं. त्यावर पानग्या भाजल्या. तुमी इसरला नाय."

बाईजानं हात उचलला आणि मालूच्या थोबाडीत अशी दिली की पडवीतलं तान्हं दचकून रडायला लागलं.

"सगळं?" बाईजानं विचारलं.

"सगळं."

"त्या पानग्या मी चार खाल्ल्या," बाईजा म्हणाली, आणि तिचे खांदे हलायला लागले. मालूला कळेना की सासू रडते आहे की हसते आहे. पदर बाजूला झाला तेव्हा दोन्ही होतं. मग ती ताडकन उठली, बरण्यांकडे गेली, मिठातली कैरी चाखली आणि हौसाला म्हणाली, "मडकं दे हिकडं. हे मी घाबरून घातलंय, इसरून नाय घातलं." आणि मालूकडे न बघता पुढे म्हणाली, "सकाळी म्हायेरी जायाचं. कान्हा नेईल."

झालं, मालूनं मनात म्हटलं. ती गालाला हात लावून उभी राहिली. मान हलवायचंही सुचलं नाही.

"तुज्या आयेच्या तुंब्यात काकडीचं बी आसंल," बाईजा कैऱ्यांवर पाणी ओतत म्हणाली. "ते घेऊन परवा माघारी ये. मिरग थांबनार नाय."

त्या वर्षी मांडवावर वाशिंदची काकडी चढली. देठाकडे कडू. बाईजा दर वेळी तिचं टोक कापून फेस येईपर्यंत चोळी आणि म्हणे, वाशिंदची आहे, जरा चोळावी लागते. मालूही हसे. कार्तिकात वेल वाळले तेव्हा बाईजानं शेण कालवलं, बी दाबलं, थाप्या भिंतीला लावल्या आणि मालूला म्हणाली, बोटं तू उमटव.

"आज नाय तर उद्या मी खरंच इसरीन," ती म्हणाली. "हौसा भली हाय. मला बरं वाटावं म्हून ती खोटं बोलंल. तू मला खरं सांगायचं."

या वेळी मालूनं मान हलवली नाही. "सांगीन, आत्या," ती म्हणाली आणि ओल्या शेणात बोटं दाबली.

ती वेळ लढाई संपल्यावर आली. कार्तिकातलीच सकाळ होती. बाईजा चुलीमागच्या भिंतीसमोर केव्हाची उभी होती. मालू आत आली तेव्हा तिनं वळून विचारलं, "मी बी लावलं का गो यंदा?" दारातून हौसा घाईघाईनं म्हणाली, लावलंत, लावलंत. बाईजा मालूकडेच बघत राहिली.

"नाय, आत्या," मालू म्हणाली. "यंदा नाय लावलं." आणि तिचा हात धरून ती तिला शेण कालवायला परसात घेऊन गेली. पुढे बाईजा आणखी चार वर्षं जगली, शेवटी शेवटी नदीकडेही निघायची. मालू तिच्यासोबत चालत जायची आणि परत आणायची. खांबाला तिला कोणी बांधलं नाही.