सुनावणीचा माइकवाला

गॅसच्या पाइपलाइनसाठी शिरूर-दौंडात गावोगाव जनसुनावण्या चालल्या होत्या. मी वार्ताहर म्हणून जायचो, आणि प्रत्येक मांडवात तोच माइकवाला दिसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गालात तंबाखू, डोळे अर्धवट मिटलेले आणि एक हात कायम आवाजाच्या बटणावर. साहेब बोलायला लागले की कर्णे दणाणायचे. शेतकरी तापला की बटण हळूच उलटं फिरायचं आणि बिचारा नुसताच ओठ हलवताना दिसायचा.

एकदा मी हटकलं, तर म्हणाला, "अवो पत्रकार, सुनावनी शांततेत व्हावी म्हनून तर मला बोलावत्यात."

वरवंडच्या सुनावणीत साहेबांनी नकाशा उलगडला, तर लाइन थेट याच्याच विहिरीवरून गेलेली. गडी ताडकन उठला. एका हातात माइक, दुसरा बटणावरच. "सायेब, माझी हीर..." आवाज चढला आणि सवयीनं त्याच्याच हातानं बटण उलटं फिरलं. पुढचं सगळं तो शिरा ताणून सांगत राहिला. स्टेजवरच्या पंख्यांच्या घरघरीत साहेब मान डोलावत राहिले.

मग त्यांनी माइक मागितला. "सुनावणी शांततेत पार पडली."

हे मात्र पार हायवेपर्यंत ऐकू गेलं. बटण त्यानंच वाढवलं होतं.