पडवीची झापं

साहेबांनी काठीच्या टोकाने राख उकरली. आतून झावळीचा अर्धवट जळलेला तुकडा निघाला. तो माझ्यासमोर धरून ते इंग्रजीत म्हणाले, “झावळ्यांचं छप्पर. क्लेम संपला.”

१९३०च्या आसपासची गोष्ट. मी एका आगविमा कंपनीचा रत्नागिरीतला सर्वेअर होतो. सर्वेअर म्हणजे जळलेलं घर बघून कंपनीने किती द्यावं हे सांगणारा आणि दोन्हीकडच्या शिव्या खाणारा माणूस. साहेब मुंबईच्या ऑफिसचे. घर मांडवीतल्या सुभद्राबाईंचं. नवरा आगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, तेव्हा दूर कुठेतरी समुद्रात. विमा उतरवायची हौस त्याचीच.

आमच्याकडे पावसाआधीची दोन कामं ठरलेली. उकड्या तांदळासाठी अंगणात चुलाण पेटवून भात उकडायचं, आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला झापं बांधायची. झापं म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, उन्हात खडखडीत वाळलेल्या. आधी भात, मग झापं. हे कोणाला शिकवावं लागत नाही. पण त्या वर्षी गडी लवकर मिळाला म्हणून बाईंनी झापं आधी बांधून घेतली. भात उकडताना वारा फिरला. ठिणगी झापांत गेली, तिथून वाशांना लागली आणि पुढचं अर्धं छप्पर खाली आलं.

पॉलिसीत एक वॉरंटी होती. वॉरंटी म्हणजे घरमालकाने दिलेला शब्द. तो मोडला की अख्खी पॉलिसी रद्द. शब्द असा, की छप्पर कौलांचंच असेल, झावळ्यांचं नाही. मी साहेबांना सांगून पाहिलं, की छप्पर कौलांचंच होतं, झापं पडवीला पडद्यासारखी उभी होती. त्यांना ते पटेना.

बाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण साहेबांचा चेहरा कळत होता. क्लेमचा निकाल लागेपर्यंत जळकं लाकूडही हलवायचं नाही, असा आमचा नियम. मंगळुरी कौलं घेऊन पावसाआधीचं शेवटचं गलबत बंदरात लागलेलं.

“भाऊ, पैशे उशिरा दिलेत तरी चालंल,” त्या मला म्हणाल्या. “पण हो की नाय ते आज सांगा. तुमच्या हो वर कौलं उधार मिळतील. गलबत गेलं की बंदर मिटलं. मग भिंती उघड्या. मातीच्या भिंती त्या, पावसात उभ्या राहतील काय? तो बोटीवरून परत आला की त्याला काय दाखवू?”

मला राग आला. साहेबांचा नाही, ती वॉरंटी लिहिणाऱ्याचा. पाऊस आडवाही येतो हे त्याच्या गावीच नव्हतं.

साहेब डाकबंगल्यावर उतरले होते, तिथे मी त्यांना चालत नेलं. वाटेत घराघराला झापं होती. साहेब बघत होते. बंगल्याच्या समुद्राकडच्या व्हरांड्याला खानसाम्याने आदल्या दिवशीच नवी कोरी झापं बांधली होती. त्यांच्याआडच साहेबांची खाट.

“साहेब,” मी म्हणालो, “काल रात्री आपण झावळ्यांच्या छपराखाली झोपला होता का?”

त्यांनी वर कौलांकडे पाहिलं, मग झापांकडे. चहा मागवला. तो संपल्यावर म्हणाले, “छप्पर मंजूर. झापांचे पैसे कंपनी देणार नाही.” ते बाईंनी मागितलेच नव्हते.

संध्याकाळच्या आत कौलं उतरली. सुताराला मी सांगितलं, पडलेल्यातली धड कौलं वेचून आधी माजघर झाक, मातीच्या भिंती तिथल्या. पुढचे वासे आणि नवी कौलं मग. पडवीचा एक कोपरा पावसापर्यंत झाकून झालाच नाही. पण भिंती उभ्या राहिल्या. गणपतीनंतर सारंग आला, तो स्वतःच्या दारात. मला फार बरं वाटलं.

पुढच्या वर्षी मुंबईहून नवी वॉरंटी आली. घराला कुठेही झावळ्या बांधू नयेत. ती वाचून दाखवायला मी मांडवीला गेलो, तर सुभद्राबाई पडवीला झापंच बांधत होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “एवढं सुंभ जरा धरा.”

पॉलिसी मुंबईत लिहितात, पाऊस इथे पडतो. मी सुंभ धरलं. भात उकडून झालं आहे ना, तेवढं मात्र आधी विचारून घेतलं.