दिवा कुणाच्या हातात होता

एस.टी. सुटायच्या आधी बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली. सगळी मंडळी डोळे मिटून उभी होती. माझी बहीण मार्था तेवढी उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. आईने पदर तोंडाला लावला होता. बाबा म्हणाले, "देवाने निवडलंय तुला. मागं बघू नको."

गावातल्या मंडळींनो, आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनो, ही निवड कशी झाली ते लिहितो. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

मार्था माझ्याहून वर्षाने धाकटी, पण माझ्याच वर्गात, आणि नेहमी पहिली. दोघंही मॅट्रिक पास झालो. अंधेरीच्या मामांची एकच खोली. पुढं शिकायला तिथे एकाचीच सोय होणार होती. कुणाला पाठवायचं ते देवालाच विचारू, असं ठरलं. प्रार्थनासभेत रत्नाबाईंना, म्हणजे घरोघर शास्त्र वाचून दाखवणाऱ्या आमच्या बायबलबाईंना, दर्शन झालं: दोन मुलं आणि एक पेटलेला दिवा. बाबांनी त्याच आठवड्यात माझं नाव पक्कं केलं. त्या उन्हाळ्यात मार्थाचं लग्न झालं.

मी ते खरं मानलं. खरं सांगायचं तर, मला ते सोयीचं होतं.

अंधेरीत कॉलेजात लेक्चर, लायब्ररी, ट्यूटोरियल हे शब्द तोंडात बसायला वर्ष गेलं. पहिल्या परीक्षेत गणितात नापास झालो. त्याच सुमारास मामांच्या घरी प्रार्थनेला आलेल्या एका म्हाताऱ्यांना दर्शनात माझ्यासाठी मोठी खुर्ची दिसली. मी आनंदाने बाबांना पत्र लिहायला बसलो, तर मामा हसले.

"अरे थांब ना! खुर्ची कलेक्टरचीच कशावरून? न्हाव्याची पण असेल!" मग गंभीर होऊन म्हणाले, "दिसतं ते अर्धंच असतं रे. सहा महिने प्रार्थना कर. पाळकसाहेबांना विचार. देवाचं असेल तर कुठं पळून जात नाही."

इतकं साधं आमच्या घरात कुणीच म्हटलं नव्हतं. सुट्टीत मी रत्नाबाईंकडे गेलो आणि विचारलं, दिवा कुणाच्या हातात होता?

त्या म्हणाल्या, "ते दिसलं नव्हतं, बाळा. मी म्हटलं होतं, थांबू, आणखी प्रार्थना करू. तुझे बाबा म्हणाले, पोराच्याच हातात असणार, त्यात काय बघायचं!"

मार्थाच्या सासरी जाऊन तिला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. मी म्हणालो, "देवाचा राग येतो मला."

"देवावर कशाला रागावतोस, दादा? त्याचं ऐकायला थांबलं कोण?" ती म्हणाली. "तू तरी थांबलास का?"



बाबांना मी अजून काही विचारलेलं नाही. सुट्टीत गेलो की ते मला सगळ्यांसमोर शास्त्र वाचायला बसवतात आणि अभिमानाने बघत राहतात. घर म्हणजे आता एवढंच उरलंय. तिथे मी स्पष्ट आवाजात वाचतो, आणि जे बोलायला हवं ते बोलत नाही.