काडीभर फट

"बाई, काडी लावली हाय. कुनी काढू नका."

रोज संध्याकाळी धुण्याच्या खोलीला कडी घालताना दवाखान्याचं धुणं करणारे काका हे मला ऐकवून जात. मी त्यांची कुणी लागत नव्हते. मिशनच्या दवाखान्यात मी नर्स होते आणि चादरींच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे, एवढंच आमचं नातं. काडी कडुनिंबाची, करंगळीएवढी. ती ते धुण्याच्या मशीनच्या झाकणाखाली सरकवत, म्हणजे झाकण पुरतं बसत नसे. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? मलाही आधी तसंच वाटलं होतं.

मशीन म्हणजे तुमच्या घरात असतं तसलं नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस, श्रीरामपूरच्या बाजूचं खेडं, तिथं वीज कुठली! लाकडी फळ्यांचं एक भलंमोठं पिंप, आत खुंट्या लावलेला दांडा आणि बाहेरून फिरवायची मूठ. आमच्या मडमबाईंनी ते आगबोटीनं मागवलं होतं आणि त्याच्याबरोबर हुकूमही आला होता. फळ्या वाळल्या की फटी पडतात, म्हणून पिंपात कायम पाणी ठेवायचं आणि झाकण घट्ट लावायचं. काकांनी हा हुकूम वर्षानुवर्षं इमानानं पाळला. पाणी आतल्या आत आंबायचं. मग पिंपाला, चादरींना आणि खुद्द काकांनाही एक कुबट, आंबूस वास यायचा. काका दिसायच्या आधी कळतात, असं सगळे हसत. मी कामावर रुजू झाले त्या दिवशी त्यांना बघून पदर नाकाला लावला होता. त्यांनी ते पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकून उभे राहिले. आजही आठवलं की माझं मला वाईट वाटतं.

काकांची बायको वारली होती. एकुलती एक लेक पुणतांब्याच्या बाजूला शेतकऱ्याच्या घरी दिली होती. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला ती माहेरी येऊन चार दिवस राहिली. परत गेल्यावर सासूनं तिच्या लुगड्यांचा वास घेतला आणि सांगून टाकलं की, रोग्यांचं धुणं करणाऱ्याच्या घरून तू एक दिवस आजार घेऊन येशील. झालं, माहेर तुटलं. काकांनी हे मला चादरीची घडी घालताना सांगितलं. चादरीचं एक टोक त्यांच्या हातात होतं, एक माझ्या. शेजारच्या घरातलं सांगावं तसं सांगत होते.

"वासापायी येत न्हाई ना, बाई? मंग वासच घालवू," असं म्हणाले आणि खरोखर मागं लागले.

एका रविवारी उपासनेनंतर काका अर्धे पिंपात शिरलेले दिसले. झाकणाच्या कडेला आणि खुंट्यांच्या मुळाशी बुळबुळीत साय धरली होती, ती नखानं खरवडून मला दाखवली. "घान पान्यात न्हाई बाई, कोंडन्यात हाय." त्या दिवसापासून धुणं संपलं की सोड्याचं उकळतं पाणी घालून रिकामं पिंप फिरवायचे. लढाईपायी सोडा मिळेना तेव्हा राखेचं निवळलेलं पाणी उकळलं. मग कडा नि खुंट्या फडक्यानं कोरड्या करायच्या. फळ्या फुगलेल्या राहाव्यात म्हणून ताजं पाणी ओतायचं, ते सकाळी पुन्हा बदलायचं, आणि झाकणाखाली काडी. मडमबाईंनी ती काडी दोनदा काढून टाकली. काकांनी दोनदा परत लावली. महिन्याभरात वास गेला. मडमबाईंनी पिंपात वाकून पाहिलं, आणि पुढं काडी हाच हुकूम झाला.

मग काकांनी घर हाती घेतलं. घर म्हणजे एक खोली. भिंतींना चुना, जमिनीला फिनेल, अंगावरचे सदरे रोज उकळत्या पाण्यात. एक दिवस मला बोलावणं आलं, "तुमचं नाक कडक हाय बाई, जरा बघून जा." त्या पहिल्या दिवसाचा पदर ते विसरले नव्हते. मी मोठ्या ऐटीत कोपरान् कोपरा हुंगला. शेवटी ट्रंक उघडायला लावली. तळाशी बायकोची गोधडी होती. तिला चुलीचा धूर, खोबरेल आणि मिश्री असा मिळून वास होता.

"हीपण टाका पिंपात," मी म्हणाले.

"तिचीबी?"

"सासूला काय कळणार कुणाचा वास ते?"

काका थोडा वेळ गोधडीवर हात ठेवून बसले. मग उठून घेऊन गेले. मला तेव्हा शहाणपणा फार होता.

काकांनी सांगावा धाडला आणि पुढच्या नाताळला लेक आली, पण फक्त दिवसापुरती. लुगड्याला वास आला नाही तर पुढं राहायला पाठवू, असं सासूचं बोलणं होतं. चहा द्यायला मीच गेले होते. पोरीनं सगळीकडं नजर फिरवली आणि थेट ट्रंक उघडली. गोधडीत तोंड खुपसलं. मग डोकं वर काढून विचारलं, "आबा, आयची गोधडी कुठं हाय?"

"तीच हाय की."

तिनं पुन्हा हुंगून पाहिली. "आय न्हाई हिच्यात," म्हणाली. आणि जरा वेळानं, "आबा, इथं कुनाचाच वास न्हाई ऱ्हायला."

काकांनी माझ्याकडं पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. संध्याकाळी तिचा नवरा गाडी जुंपून आला आणि ती गेली. सासूनं लुगडं हुंगून बघितलं, आता खुशाल जा म्हणाली. परवानगी आली, पण पोरगी काही आली नाही. आधी पोर झालं, मग पेरणी आली, मग आणखी काही. खरं कारण मला ठाऊक होतं. त्या खोलीत यायचं म्हणजे आई गेली हे नव्यानं कळून घ्यायचं.

त्यानंतर काका घराच्या दारालाही काडी लावू लागले. दार कधी पुरतं मिटायचं नाही. मी चेष्टेनं म्हणाले, "काका, चोर शिरेल हो."

"चोर तर चोर," ते म्हणाले. "कुनी तरी यील."



पुढं एका हिवाळ्यात त्यांना ताप आला. आमच्याच वॉर्डात, त्यांनीच धुतलेल्या चादरीवर चार दिवस होते. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "काडी लावली का?" मी हो म्हणाले. खरं तर चार दिवस पिंप कुणी धुतलंच नव्हतं. कुणीतरी झाकण घट्ट लावून टाकलं होतं, आणि आत पाणी तसंच होतं.

लेक पोचली तेव्हा माती देऊन झाली होती. खोलीत ती उभी राहिली, ट्रंक उघडली, मिटली. कोरा चुना नि फिनेल, दुसरं काय असणार? मग म्हणाली, आबा कुठं काम करायचे ते दाखवा. मी तिला घेऊन गेले. पिंप धुऊन काढावं म्हणून चुलीवर सोड्याचं पाणी ठेवलंच होतं. शेजारी पडलेली काडी हातात घेऊन मी झाकण उचललं आणि भपकारा आला. माझा हात आपसूक पदराकडं गेला.

ती मात्र वाकली. दोन्ही हातांनी कड धरून तिनं डोकं आत घातलं.

"आबा कामावरनं आलं का आसाच वास यायचा," आतूनच म्हणाली. "मी पळत जाऊन गळ्यात पडायची."

ती बराच वेळ तशीच वाकून होती. मी पदर नाकावरून काढला. सोड्याचं पाणी चुलीवरून उतरवून ठेवलं. तिनं डोकं बाहेर काढलं तेव्हा मी झाकण घट्ट लावलं. काडी माझ्या हातातच राहिली.